पंपाचं बटण सातासमुद्रापार कशाला?

२०२५ साली नरकचतुर्दशी २० ऑक्टोबरला आली. त्या दुपारी आपल्याकडे फराळाची ताटं उचलली जात असताना अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात ॲमेझॉनच्या संगणककेंद्रांत बिघाड झाला आणि त्यांच्यावर विसंबलेल्या जगभरच्या सेवा एकामागून एक आडव्या झाल्या. बँकांची ॲप, खेळ, संदेशसेवा तर गेल्याच. पण दारावरच्या घंटा आणि बोलून लावायचे दिवेही मुके झाले. इंटरनेटवरून तापमान ठरवणाऱ्या महागड्या गाद्या काहींच्या घरी तापलेल्याच राहिल्या, काहींच्या घरी अर्ध्या उचललेल्या अवस्थेत अडकल्या. ही बातमी इथे गंमत म्हणून वाचली गेली. वास्तविक आज हजार रुपयांच्या आत घरपोच मिळणारे बहुतेक स्मार्ट प्लग याच वाटेने चालतात. पालघर तालुक्यातल्या माहीमच्या ओटीवर बसून मोबाईलवर मागीलदारच्या दिव्याचं बटण दाबलं, तर तो निरोप बहुधा आधी कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर जातो, तिथून परत माहीमला येतो आणि मग वीस पावलांवरचा दिवा लागतो. माझं म्हणणं असं, की घरातल्या आणि वाडीतल्या यंत्रांनी कधी चालू व्हायचं आणि कधी बंद, हा निर्णय घरातच, आपल्या ताब्यातल्या संगणकावर व्हावा. त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, म्हणजे फुकट तर आहेच, शिवाय कोणालाही उघडून वाचता आणि बदलता येतं. आणि ते वापरायला जे ज्ञान लागतं ते माहीमपासून लांब नाही. बोईसरच्या कारखान्यांत ते रोज तीन पाळ्यांत राबतं आहे.

सर्व्हरवर विसंबलेलं उपकरण कंपनीची मर्जी असेतोवरच जगतं, याचे दाखले आता भरपूर साठले आहेत. रिव्हॉल्व्ह नावाचा सुमारे तीनशे डॉलरचा नियंत्रक गूगलच्या घरातल्या नेस्ट कंपनीने विकत घेतला आणि मे २०१६ मध्ये त्याची सेवा बंद केली. लोकांच्या भिंतीवर उरला तो निव्वळ डबा. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या जुन्या अमेरिकी कंपनीचे सर्व्हर पूर्वसूचना न देता बंद पडले. २५ ऑक्टोबर २०२५ ला नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या थर्मोस्टॅटचा ॲपशी असलेला संबंध तुटला, आणि बेल्किनने आपल्या वेमो मालिकेतल्या बहुतेक उपकरणांसाठी ३१ जानेवारी २०२६ हा शेवटचा दिवस जाहीर केला. यांपैकी कशाचंही तांबं झिजलं नव्हतं, रिले जळला नव्हता. इन्स्टिऑनच्या प्रकरणातला एक तपशील मला सर्वांत बोलका वाटतो: ज्यांनी तीच उपकरणं घरातल्या ओपन सोर्स प्रणालीला थेट जोडून ठेवली होती, त्यांचे दिवे त्या दिवशीही लागले. फरक मालकीचा होता, यंत्राचा नव्हता. आपल्याकडे आणखी एक पदर आहे. भारतात वेगवेगळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या अनेक स्मार्ट दिव्यांच्या आणि प्लगच्या मागे तुया या चिनी कंपनीची यंत्रणा असते. २९ जून २०२० ला केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर एका फटक्यात बंदी घातली. तुया त्या यादीत नव्हती आणि बंदी योग्य होती की नाही हा इथला विषय नाही. पण असा निर्णय एका संध्याकाळी होऊ शकतो आणि त्यात आपल्या मागीलदारच्या दिव्याला कोणी विचारत नाही, एवढं त्यातून कळतं.

माहीम-केळवे पट्ट्याला हे सगळं मुंबईपेक्षा जास्त लागू होतं. इथे घर म्हणजे चार भिंती नव्हेत. घर, मागची वाडी, विहीर किंवा बोअर, पाण्याची टाकी आणि बरेचदा या सगळ्यांमध्ये बरंच अंतर. पानवेली आणि केळी यांना पाणी वेळेवर लागतं, आणि वेळ ठरते ती विजेच्या येण्याजाण्यावर. पावसाळ्यात माडाची झावळी तारेवर पडली की लाईट जाते, आणि त्याच खांबांवरून आलेली इंटरनेटची केबलही पुष्कळदा तिच्याबरोबर जाते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेलं तेव्हा पालघर जिल्ह्यात झाडं आणि खांब पडले, आणि वीज व नेट पूर्ववत व्हायला वेगवेगळा वेळ लागला. वीज आधी येते, नेट मागाहून. या मधल्या काळात मोबाईलच्या ॲपवर चालणारं घर असून नसल्यासारखं. शिवाय एप्रिल २०१३ पासून उपनगरी लोकल डहाणूपर्यंत धावू लागली आणि पहाटे निघून रात्री परतणारी माणसं वाढली. दिवसभर घरात म्हातारी माणसं किंवा कोणीच नाही, अशा घरात टाकी आपोआप भरणं, विहिरीचं पाणी तळाला गेलं तर मोटार थांबणं, अंधार पडला की फाटकावरचा दिवा लागणं ही चैन नाही. पण ज्या कामासाठी हे हवं ते काम नेट नसतानाच अडतं. म्हणून इथे स्वयंचलनाची पहिली अट अशी, की ते नेटशिवाय चालावं.

हीच अट बोईसरमधल्या कोणत्याही इन्स्ट्रुमेंट टेक्निशियनला सांगून पाहा, त्याला त्यात नवल वाटणार नाही. तारापूर एमआयडीसीतल्या रसायन किंवा कापड कारखान्यात व्हॉल्व्ह कधी उघडायचा हे पॅनेलमधला पीएलसी नावाचा छोटा नियंत्रक-संगणक ठरवतो, तोही यंत्रापासून काही हातांवर बसून. वरच्या कार्यालयातला संगणक बंद पडला तरी पीएलसी आपलं काम करत राहतो. तापमान हद्दीबाहेर गेलं तर प्रोग्रामची वाट न पाहता वेगळा सुरक्षा-स्विच पुरवठा तोडतो, आणि सगळ्यांच्या वर लाल बटण असतं, जे माणसाच्या हाताने दाबायचं असतं. म्हणजे निर्णय यंत्राजवळ, सुरक्षा प्रोग्रामपासून अलग आणि शेवटचा अधिकार माणसाकडे. शेजारच्या तारापूर अणुवीज केंद्राची पहिली दोन युनिट १९६९ पासूनची. तेव्हा आजच्या अर्थाचं इंटरनेट नव्हतंच. पण इंटरनेट आल्यावरही अणुवीज महामंडळाने नियंत्रणाचं जाळं बाहेरच्या जगापासून तोडूनच ठेवलं आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये तमिळनाडूतल्या कुडनकुलमच्या केंद्रात घुसखोर सॉफ्टवेअर सापडल्याचं याच महामंडळाने मान्य केलं, तेव्हा त्यांचं स्पष्टीकरण हेच होतं: लागण कार्यालयीन कामाच्या जाळ्यातल्या एका संगणकाला झाली, अणुभट्टी चालवणारं जाळं त्यापासून वेगळं आहे. घराला अणुभट्टीचे नियम लावायचे नाहीत. पण ज्या गावच्या माणसांना हे वेगळेपण नोकरीत पहिल्या आठवड्यात शिकवतात, त्यांनीच घरी येऊन पंपाची दोरी परदेशी सर्व्हरला बांधावी, यात विसंगती आहे.

तारापूरचं नाव नमुना म्हणून घेताना आक्षेप येणारच, आणि तो रास्त आहे. या औद्योगिक वसाहतीचा लौकिक सुरक्षेचा नाही. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी इथल्या एका रसायन कारखान्यातल्या स्फोटात ८ माणसं गेली, आणि तो पहिला अपघात नव्हता. प्रदूषणाचं तर विचारूच नका. पण मी घ्यायला सांगतो आहे ते कारखान्यांचं व्यवस्थापन नव्हे, नियंत्रणाची रचना. ती रचना जगभर अपघातांतूनच घडत गेली, आणि तिची हत्यारं आता घरापर्यंत पोचली आहेत ही खरी नवलाची गोष्ट. मॉडबस ही यंत्रांनी आपसात बोलायची पद्धत १९७९ ची, कारखान्यांसाठीच जन्मलेली. आज घरावरच्या सोलर इन्व्हर्टरशी आणि पॅनेलमधल्या वीजमीटरशी तीच भाषा बोलता येते. एमक्यूटीटी ही दुसरी पद्धत १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर देखरेख ठेवण्यासाठी तयार झाली, कारण उपग्रहाचा महागडा आणि बेभरवशाचा दुवा जपून वापरायचा होता. आज ओपन सोर्स घरांत सेन्सर एकमेकांना निरोप देतात ते बहुतेक हिच्यातून. बोईसरच्या टेक्निशियनला यातलं निम्मं आधीच येतं. फक्त ते घरी वापरायचं असतं हे त्याला कोणी सांगितलेलं नाही.

घराच्या बाजूने सर्वांत भक्कम प्रणाली म्हणजे होम असिस्टंट. पॉलस स्खाउटसेन या डच तरुणाने २०१३ मध्ये ती घरच्या दिव्यांसाठी लिहायला घेतली. आज योगदान देणाऱ्या माणसांच्या संख्येत ती जगातल्या सर्वांत मोठ्या ओपन सोर्स प्रकल्पांत गणली जाते. २०२४ मध्ये तिची मालकी ओपन होम फाउंडेशन या स्वित्झर्लंडमधल्या ना-नफा संस्थेकडे देण्यात आली, म्हणजे उद्या एखाद्या मोठ्या कंपनीने ती विकत घेऊन बंद करावी ही वाटही अडवली गेली. प्रत्यक्ष काम असं: घरात एक छोटा संगणक सतत चालू ठेवायचा, त्याच्यावर ही प्रणाली, आणि टाकी, पंप, फाटक इथे ईएसपी मालिकेतल्या चिपचे दोन-तीनशे रुपयांचे बोर्ड, ज्यांच्यात ईएसपीहोम किंवा टास्मोटा हे उघडे प्रोग्राम भरलेले. चिप शांघायच्या कंपनीची आहे, हे खरं. चीनवरचं अवलंबित्व त्यामुळे संपत नाही. पण आत चालणारा प्रोग्राम आपण भरलेला असतो आणि विकत घेतलेली चिप परत मागवता येत नाही. छोट्या संगणकासाठी नवा खर्चही करावा लागतोच असं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला आणि नवी आवृत्ती न पेलणारे असंख्य चांगले लॅपटॉप अडगळीत निघाले. अशा लॅपटॉपवर लिनक्स घातलं की घराच्या नियंत्रणाला तो पुरून उरतो, आणि लाईट गेली तर त्याची स्वतःची बॅटरी असते. रास्पबेरी पाय हा हातावर मावणारा संगणक वीज कमी खातो, पण मेमरी कार्डावर चालवला तर वारंवार लाईट जाणाऱ्या ठिकाणी ते कार्ड खराब होतं. त्याला एसएसडी जोडावी. लॅपटॉपची बॅटरी फुगली असेल तर मात्र ती काढून टाकावी, तिथे काटकसर नको.

आता महाराष्ट्राच्या स्वतःच्या अनुभवाकडे वळतो, कारण या विषयावर बोलताना आपण उगाच अमेरिकेकडे पाहतो. आपल्याकडे स्वयंचलन दिवाणखान्यात नव्हे, शेतात आधी आलं. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी घडवलेल्या नॅनो गणेश या उपकरणाने शेतकऱ्याला घरून मोबाईलवर कोड दाबून लांबचा पंप चालू-बंद करता येऊ लागला, आणि पंपापाशी वीज आहे की नाही हेही कळू लागलं. २००९ मध्ये नोकियाच्या स्पर्धेत त्याला जागतिक पारितोषिक मिळालं. ते ओपन सोर्स नव्हतं, पण शेतकरी आणि पंप यांच्यामध्ये परदेशी सर्व्हर बसवावा असं त्यात कोणाला सुचलं नव्हतं. याच शेतात दुसरा, कडवा धडाही मिळाला. रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेसाठी शेतकऱ्यांनी ऑटो स्विच बसवले: वीज आली की पंप आपोआप सुरू. चालू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. एका ट्रान्सफॉर्मरवरचे सगळे पंप वीज येताच एकाच क्षणी सुरू झाले की दाब कोसळतो, ट्रान्सफॉर्मर जळतो आणि मग सगळ्यांचंच पाणी बंद. महावितरण वर्षानुवर्षं कळकळीने सांगतं आहे की ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा. शेतकरी काढत नाहीत, कारण काढला तर मध्यरात्री विहिरीवर जावं लागतं. दोघांचंही बरोबर आहे.

हा पेच आतला प्रोग्राम बदलता येत नसल्यामुळे पडलेला आहे. तयार ऑटो स्विचमध्ये एकच हुकूम भरलेला: वीज आली, चालू कर. त्या जागी उघड्या प्रोग्रामचा बोर्ड असेल तर वीज आल्यावर आधी तिन्ही फेज आणि दाब पाहायचा, मग शून्य ते पंधरा मिनिटांत कुठलाही एक क्षण निवडून त्या वेळी पंप सुरू करायचा, एवढा बदल चार ओळींचा आहे. एका ट्रान्सफॉर्मरवरच्या दहा वाडीवाल्यांनी ठरवलं तर पाळीही लावता येते. त्यासाठी नेट लागत नाही. आपल्या देशात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो आणि त्यावर चालणारे लोरा जातीचे छोटे रेडिओ, वायफाय जिथे माडांच्या दोन रांगांत दमतं तिथून पुढे सहज पोचतात. कोणतीही मोठी कंपनी माहीमच्या दहा वाड्यांसाठी असं उपकरण काढणार नाही, कारण दहा हा तिच्या लेखी आकडाच नाही. ओपन सोर्सचं माझ्या लेखी मोल याच ठिकाणी आहे. ते फुकट मिळतं हा भाग दुय्यम.

यावर नेहमीचा प्रश्न: हे सामान्य माणसाला जमणार कसं, आणि बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? होम असिस्टंटचे भक्त या प्रश्नाला 'अगदी सोपं आहे' असं उत्तर देतात. ते खरं नाही. दर महिन्याला नवी आवृत्ती येते, क्वचित एखादी जुनी जोडणी तिच्यामुळे मोडते, आणि तिचा खुलासा इंग्रजीत असतो. जो माणूस चालत्या गाड्याला खीळ न घालता वर्षातून दोनदाच, उसंत पाहून, बॅकअप घेऊन नवी आवृत्ती घालतो, तोच शहाणा. पण मोटारीचं वाइंडिंग जळलं तर ते घरमालक स्वतः भरत नाही, बाजारातल्या रिवाइंडिंगवाल्याकडे नेतो. तो भरू शकतो, कारण मोटार उघडता येते आणि तिच्यात काही लपवलेलं नसतं. कंपनीच्या बंद उपकरणाचा स्थानिक कारागीर काहीही करू शकत नाही. उघड्या उपकरणाचा करू शकतो. आळीत एकाला आलं तरी पुरे, आणि तो एकजण पालघर तालुक्यात मिळणार नाही हे मला पटत नाही. शिकायची सोय अगदीच नाही असंही नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्ससारख्या विषयांचे पाठ मराठीत ऐकता येतात. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात, जो डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केला, अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे वस्तू घडवायची खुली कार्यशाळा, २००२ मध्ये उभी राहिली. शाळा सोडलेली खेड्यातली मुलं तिथे इलेक्ट्रॉनिक्सची कामं हाताने शिकतात. पाबळला जे जमलं ते शेकडो कारखान्यांच्या कुशीतल्या आयटीआयला जमू नये, याचं कारण मला तरी सापडत नाही. ज्यांना बोलून दिवे लावायचे आहेत त्यांच्यासाठी जाता जाता: गूगलच्या सहायकाला मराठी येते, अलेक्साला भारतात इंग्रजी आणि हिंदी, पण वाडवळी किंवा मांगेली या इथल्या बोली शिकवण्यात कोणत्याही कंपनीला नफा दिसणार नाही. उघड्या प्रणालीत ती वाट निदान बंद नसते.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो जास्त गंभीर. घरी बनवलेली जोडणी २३० व्होल्टशी खेळते. इथे हौसेला लगाम हवा. बोर्डावरच्या छोट्या रिलेने किंवा स्मार्ट प्लगने पंपाची मोटार थेट चालवू नये. सुरू होतानाच्या प्रवाहाने आतले संपर्क एकमेकांना चिकटतात आणि प्रोग्रामने 'बंद' सांगूनही मोटार चालूच राहते. रिलेने काँटॅक्टर हा मोठा स्विच ओढायचा, काँटॅक्टरने मोटार. सोबत ओव्हरलोड रिले, गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग, आणि हे सगळं परवानाधारक वायरमनकडून. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत उघडा बोर्ड फार काळ टिकत नाही, त्याला घट्ट झाकणाची पेटी हवी. टाकीत सेन्सर बसवला तरी साधा फ्लोट स्विच काढू नये, आणि भिंतीवरचं हाताने चालणारं बटण तर कधीच नाही. घरातल्या कोणाही माणसाला, मोबाईल न धरता, दिवा लावता आणि मोटार थांबवता आली पाहिजे; जिथे हे होत नाही तिथे स्वयंचलन फसलं असं समजावं.

घुसखोरीचा धोका राहिला. मिराई नावाच्या किड्याने २०१६ मध्ये जगभरचे कॅमेरे आणि राउटर कारखान्यातून आलेल्याच पासवर्डवर फोडले आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्या झुंडीने अमेरिकेतल्या मोठमोठ्या संकेतस्थळांचा रस्ता अडवला. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं सीसीटीव्ही चित्रण चोरून विकलं गेल्याचं उघड झालं, आणि पकडलेल्यांत महाराष्ट्रातली मुलंही होती. ९ एप्रिल २०२५ पासून केंद्राने इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या सीसीटीव्हींना सुरक्षा-चाचणी सक्तीची केली. नियम चांगला, पण आधीच भिंतीवर असलेल्या कॅमेऱ्यांना तो शिवत नाही. ओपन सोर्स आहे म्हणून घर आपोआप सुरक्षित होतं, असं म्हणणं ही थाप ठरेल. पासवर्ड न बदलता राउटरचं दार बाहेरून उघडं ठेवणारा हौशी माणूस कंपनीच्या ग्राहकापेक्षा जास्त उघडा पडतो. फरक असा, की इथे दार बंद करणं आपल्या हातात असतं: कॅमेरे वेगळ्या जाळ्यावर ठेवून त्यांचं बाहेरचं इंटरनेट तोडता येतं, चित्रण घरच्याच डिस्कवर साठवता येतं, आणि मुंबईहून घर पाहायचं तर वायरगार्डसारख्या उघड्या व्हीपीएनमधूनच आत यायचं. सर्व्हरवरच्या कॅमेऱ्यात यातलं काहीच आपल्या हाती नसतं.

आणि पैसे? विकणारे लोक वीजबचतीचं गाजर दाखवतात. हिशेब करून पाहू. १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत जाहीर झाली. एक अश्वशक्तीची मोटार तासाला साधारण एक युनिट घेते. ती रोज एक तास सकाळी सातऐवजी दुपारी चालवली तर महिन्याला वाचतात २४ ते ३० रुपये. दुसरीकडे, १५ वॅटचा जुना लॅपटॉप चोवीस तास चालू ठेवला तर महिन्याला जवळजवळ ११ युनिट खातो, म्हणजे वाचवल्यापेक्षा गेलेच जास्त. पाच वॅटच्या छोट्या संगणकाने हिशेब जेमतेम बरोबरीला येतो. गीझर, वॉशिंग मशीन, छपरावरचं सोलर असलेलं घर असेल तर आकडे सुधारतात, कारण ऊन असताना कामं उरकणं फायद्याचं. पण बचतीसाठी म्हणून कोणी या वाटेला जाऊ नये. कोरडी चालून जळणारी एक मोटार वाचली तर त्यात सगळा खर्च निघतो, हा खरा हिशेब.

त्या सवलतीच्या निमित्ताने शेवटचा मुद्दा मीटरचा. २०२४ च्या जूनमध्ये राज्य सरकारने सामान्य ग्राहकांना प्रीपेड स्मार्ट मीटर लावणार नाही असं सांगितलं. त्यानंतर आले ते नंतर बिल भरायचे, पण वेळेनुसार वापर नोंदवणारे मीटर. त्यांच्याभोवतीचा वाद जवळजवळ सगळा बिल वाढेल का यावर चालला आहे. मीटरने नोंदवलेली माहिती कोणाची, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. नेदरलँड्समध्ये स्मार्ट मीटरवर ग्राहकासाठी पी-वन नावाची खाच असते. साधी केबल लावून नव्या मीटरचा वापर दर सेकंदाला घरच्याच संगणकावर वाचता येतो, वीज कंपनीच्या सर्व्हरला न विचारता. आपल्या ग्राहकाला आपल्याच विजेचा आकडा महावितरणच्या ॲपमधून, त्यांच्या सोयीने पाहावा लागतो. मीटर अजून बसत आहेत, म्हणून ही मागणी आत्ताच व्हायला हवी. एकदा लाखो मीटर भिंतीवर चढले की बदलायला कोणी तयार होणार नाही. राज्य वीज नियामक आयोग दरनिश्चितीआधी ग्राहकांच्या लेखी सूचना मागवतो. पालघर जिल्ह्यातून त्या दरवाढीवर जातातच. पुढच्या खेपेला त्यांत एक ओळ अशीही असावी, की घरच्या मीटरचा आकडा घरच्या संगणकाला तारेने वाचता आला पाहिजे.